नाव आपलं, माल कारखान्याचा: साबण, तेल, शाम्पूच्या प्रायव्हेट लेबल सेवेचं परीक्षण

पार्लरवाल्या, बचत गट, छोटी आयुर्वेदिक दुकानं आणि इन्स्टाग्रामवरून घरगुती विक्री करणारे, या सगळ्यांना गेल्या काही वर्षांत एकच ऑफर वेगवेगळ्या कारखान्यांकडून येते आहे: आमचा तयार फॉर्म्युला घ्या, तुमचं नाव टाकून देतो. बद्दी, हरिद्वार, अहमदाबाद, सुरत आणि आपल्याकडे वसई-पालघरच्या पट्ट्यातले कारखाने ही ‘प्रायव्हेट लेबल’ सेवा देतात. पॅकेजमध्ये साधारण चार गोष्टी असतात: माल, बाटली-खोकं, लेबलचं डिझाइन आणि एक ‘कंटेंट किट’, म्हणजे फोटो, वर्णनं, पोस्ट. हे परीक्षण कुठल्या एका कारखान्याचं नाही. या प्रकारच्या सेवेत काय चांगलं मिळतं आणि पैसे कुठे बुडतात, ते इथे सांगितलं आहे.

आमचं मत आधीच सांगतो. साबण जरूर घ्या. तेल घटकांची यादी वाचून घ्या. शाम्पू आणि फेसवॉश बॅचच्या तपासणी अहवालाशिवाय घेऊ नका. सीरम आणि गोरेपणाची क्रीम पहिल्या वर्षी तरी नकोच. कंटेंट किटमधलं घटकांचं पान ठेवा, बाकीचं बाजूला ठेवा. या क्रमाला कारण आहे: साबण घरच्या टेबलावर बराचसा तपासता येतो, तेल थोडंफार, शाम्पू जवळजवळ नाहीच. जे तपासता येत नाही ते आपल्या नावाने विकायचं, तर दुसऱ्याच्या शब्दावर आपली पत गहाण टाकावी लागते.

परवान्याबद्दल मोठा गैरसमज आहे. घरी बनवलेल्या साबणाला परवाना लागत नाही, असं बरेच जण धरून चालतात. साबण हे कायद्याने सौंदर्यप्रसाधन आहे. विक्रीसाठी ते बनवायचं तर कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० प्रमाणे अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. विकण्यासाठी मात्र वेगळा परवाना लागत नाही. छोट्या व्यवसायाला प्रायव्हेट लेबलचा खरा फायदा इथे आहे: परवाना, जागा, तंत्रज्ञ ही सगळी जबाबदारी कारखान्याची. म्हणून पहिली मागणी दरपत्रकाची करू नका, परवान्याच्या प्रतीची करा. तो सीओएस-८ या नमुन्यात असतो. सोबत मंजूर उत्पादनांची यादी मागा, त्यात तुमचा प्रकार आहे का ते पाहा. साबणाचा परवाना असलेला कारखाना शाम्पू ‘भावाच्या युनिटमधून’ देतो म्हणाला, तर त्या युनिटचा परवाना वेगळा मागा, आणि लेबलवर त्याच युनिटचा पत्ता येईल याची खात्री करून घ्या.

‘उत्पादकाचं नाव लेबलवर नको, गिऱ्हाईक थेट तिकडे जाईल’ अशी विनंती अनेक नवे विक्रेते करतात, आणि काही कारखाने ती मान्यही करतात. हे बेकायदा आहे. उत्पादकाचं नाव, कारखान्याचा पत्ता आणि परवाना क्रमांक लेबलवर हवाच. ‘मार्केटेड बाय’ खाली तुमचं नाव येतं, ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ खाली त्यांचं. म्हणजे माल कुठून येतो हे कोणालाही कळू शकतं, हे धरूनच धंद्याचा विचार करा. लपवण्यावर उभा असलेला नफा टिकत नाही.

साबण

तयार साबण मुख्यतः तीन प्रकारांत मिळतो: ग्लिसरीन बेस वितळवून साच्यात ओतलेला, कोल्ड प्रोसेसचा (तेल आणि कॉस्टिक न शिजवता मिसळून बनवलेला), आणि सोप नूडल्सपासून, म्हणजे साबणाच्या तयार तुकड्यांपासून, मशीनवर दाबलेला. कारखान्याला विचारा यातला कुठला. उत्तर गुळमुळीत आलं तर वितरणाच्या तारखेवरून ओळखता येतं. कोल्ड प्रोसेसचा साबण ओतल्यानंतर साधारण चार ते सहा आठवडे सुकवावा लागतो. ‘कोल्ड प्रोसेस, आठ दिवसांत पोच’ म्हणणाऱ्याकडचा माल एकतर वितळवून ओतलेला असतो, नाहीतर कच्चा. कच्चा साबण हातात चांगला दिसतो, पण बाथरूममध्ये भराभर झिजतो.

मशीनवरच्या साबणाला टीएफएम विचारा, म्हणजे एकूण स्निग्धाम्लांचं प्रमाण. भारतीय मानकात टॉयलेट सोपच्या तीन श्रेणी आहेत: पहिलीला किमान ७६ टक्के, दुसरीला ७०, तिसरीला ६०. त्याखालचा माल ‘बेदिंग बार’ म्हणून येतो, आणि तिथे किमान मर्यादा ४० टक्के आहे. बेदिंग बार विकण्यात गैर काही नाही. तो ‘प्रीमियम ग्रेड वन’ म्हणून विकणं गैर आहे.

नमुना आला की पुढच्या गोष्टी करा. पाच वड्या दागिन्यांच्या काट्यावर तोलून वजन लिहून ठेवा, उघड्या रॅकवर महिनाभर ठेवा, पुन्हा तोला. पाणी उडून वजन घटणं स्वाभाविक आहे, म्हणूनच साबणाच्या वेष्टनावर ‘पॅक करतेवेळी’चं वजन लिहिलेलं असतं. पण १०० ग्रॅमची वडी ८८ वर आली, तर ती पुरेशी सुकवलेली नव्हती. दुसरी वडी बशीत थोड्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी खालचा थर थोडा मऊ झालेला चालेल, अर्धी वडी गिळगिळीत झालेली चालणार नाही. तिसरी चाचणी पीएच पट्टीची, म्हणजे आम्ल-क्षार मोजणाऱ्या कागदाची: वडी ओली करून फेसावर पट्टी लावा. खऱ्या साबणाचा पीएच ९ ते १० च्या आसपास येतो. ११ च्या पुढे गेला तर मोकळा क्षार राहिला आहे, तो माल परत पाठवा. आणि कारखान्याच्या कागदावर ‘पीएच ५.५ साबण’ असेल, तर तो साबण नसून सिंडेट बार, म्हणजे कृत्रिम डिटर्जंटची वडी आहे. तेल आणि कॉस्टिकपासून बनलेला साबण ५.५ वर साबण म्हणून राहूच शकत नाही.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या विक्रेत्यांनी ग्लिसरीन साबणाकडे जास्त लक्ष द्यावं. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे जून-जुलैत वडीवर घामासारखे थेंब जमतात. माल खराब झालेला नसतो, पण गिऱ्हाईक परत करतं. उपाय एकच: साच्यातून निघाल्यावर काही तासांत श्रिंक रॅप, म्हणजे वडीवर घट्ट बसणारं प्लास्टिक. नुसत्या बटर पेपरात आणि खोक्यात दिलेला ग्लिसरीन साबण किनारपट्टीवर पावसाळ्यात घेऊ नका. नाशिक-सोलापूरकडे हा त्रास बराच कमी.

वडीवर नारिंगी ठिपके आले तर आतलं तेल खवट होत चाललं आहे. व्हॅनिलाचा सुगंध असलेला पांढरा साबण तपकिरी पडतो, तो दोष सुगंधातल्या व्हॅनिलिनचा. हळदीचा पिवळा रंग उजेडात उडतो, म्हणून हळदीच्या साबणाला खिडकीचं खोकं देऊ नका. हे तिन्ही प्रकार नमुना दोन महिने उजेडात ठेवला की आपोआप दिसतात. त्यामुळे दिवाळीचा माल हवा असेल तर नमुने उन्हाळ्यातच मागवा आणि ऑर्डर जुलैच्या आत द्या. ऑगस्टनंतर कारखान्यांची साच्यांची रांग भरते आणि सुकवण्याचे दिवस कापले जातात.

तेल

इथे लेबलचा पुढचा भाग आणि मागचा भाग यांत सर्वाधिक अंतर असतं. नमुन्यादाखल एक यादी घ्या, ‘कांदा-भृंगराज केशतेल’ म्हणून मिळणाऱ्या मालावर अशीच असते: मिनरल ऑइल, तिळाचं तेल, कांदाबी तेल, भृंगराज अर्क, सुगंध, बीएचटी (तेल खवट होऊ नये म्हणून), रंग. नियमाप्रमाणे १ टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कुठल्याही क्रमाने. म्हणजे पहिलं नाव मिनरल ऑइल असेल तर बाटलीत सर्वात जास्त तेच आहे. कांदा आणि भृंगराज १ टक्क्याच्या वर आहेत की खाली, हे यादीवरून कळत नाही. म्हणून प्रत्येक घटकाची टक्केवारी कारखान्याकडून लेखी घ्या. पूर्ण फॉर्म्युला ते देणार नाहीत, पण ज्या घटकाचं नाव पुढे मोठ्या अक्षरांत छापायचं आहे त्याचं प्रमाण द्यायला हरकत नसते. ते अर्धा टक्का निघालं, तर तेलाच्या नावातून तो शब्द काढा.

मिनरल ऑइल विष नव्हे. ते स्वस्त आहे, खवट होत नाही, चिकटत नाही. प्रश्न फक्त ते ‘शुद्ध खोबरेल’ या नावाखाली विकण्याचा आहे. खोबरेलाची सोपी परीक्षा फ्रिजमध्ये होते: खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, मिनरल ऑइल फ्रिजमध्येही पातळ राहतं. ‘८० टक्के खोबरेल’ म्हणून आलेलं तेल रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून पाणीदार राहिलं तर विचारायला हवं. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा: खऱ्या खोबरेलाच्या प्रमाणाचं तेल पुणे-नाशिकच्या थंडीत गोठेल, आणि बारीक तोंडाच्या फ्लिप-टॉप बाटलीतून येणार नाही. अशा तेलाला रुंद तोंडाची बाटली घ्या आणि लेबलवर ‘थंडीत गोठू शकते, कोमट पाण्यात ठेवा’ हे वाक्य छापा. या एका वाक्याने हिवाळ्यातल्या निम्म्या तक्रारी येतच नाहीत.

‘आयुर्वेदिक’ हा शब्द छापायचा असेल तर सौंदर्यप्रसाधनाचा परवाना पुरत नाही. आयुर्वेदिक औषध उत्पादनाचा परवाना असलेला कारखाना लागतो आणि लेबलवर तोच क्रमांक येतो. ‘टक्कल जातं’, ‘नवे केस उगवतात’ असे दावे तर औषधालाही करता येत नाहीत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली केंद्रीय प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. जाहिरात तुमच्या पानावरून गेली असेल तर ‘मजकूर कारखान्याने दिला होता’ म्हणून सुटका होत नाही.

शाम्पू आणि फेसवॉश

यांत पाणी असतं, म्हणून जंतूही वाढू शकतात. डोळ्यांना, नाकाला काही कळायच्या आत माल बिघडलेला असू शकतो. म्हणून बॅचनिहाय विश्लेषण प्रमाणपत्र घ्या आणि त्यावरचा बॅच क्रमांक बाटलीवरच्या क्रमांकाशी जुळवा. जुन्या बॅचचं प्रमाणपत्र तारीख बदलून पुन्हा पाठवण्याची सवय या धंद्यात आहे. पहिल्या ऑर्डरला एक बाटली स्वतः एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जंतुतपासणीसाठी द्या.

‘सल्फेट-फ्री’ म्हटलं असेल तर यादीत सोडियम लॉरेथ सल्फेट नसावं, हे कोणीही वाचू शकतं. परिरक्षक सोडियम बेंझोएट असेल तर पीएच साधारण ५ च्या आसपास किंवा खाली हवा, त्यावर त्याचा परिणाम घटत जातो. पट्टी लावून पाहा. घट्टपणा बऱ्याचदा मिठाने आणलेला असतो. ‘सुगंध जरा वाढवून द्या’ अशी मागणी केली की शाम्पू एकदम पातळ होऊ शकतो, तेव्हा सुगंध बदलला की नमुना नव्याने मागवा.

किमान ऑर्डरचं गणितही इथेच अडतं. १०० किलोची बॅच म्हणजे २०० मिलीच्या साधारण ५०० बाटल्या. पार्लरमधून महिन्याला ३० जात असतील तर तो साठा सोळा-सतरा महिने चालेल. मुदत उत्पादनाच्या दिवसापासून मोजली जाते, तुमच्या दारात माल आल्यापासून नाही. चोवीस महिन्यांच्या मुदतीचा, पण सहा महिने गोदामात पडलेला माल घेतला, तर शेवटच्या बाटल्या कोणी हातात घेणार नाही. ‘पोच झाल्यावर किमान २० महिने शिल्लक’ ही अट खरेदी-पत्रात लिहा.

बाटली आणि लेबल

तेलाच्या बाटलीला कागदी स्टिकर लावू नका. एका आठवड्यात तेलकट डाग पडून अक्षरं जातात. प्लास्टिक फिल्मचं, लॅमिनेशन केलेलं लेबल थोडं महाग पडतं, पण तेच घ्या. झाकणाखाली इंडक्शन सील, म्हणजे बाटलीच्या तोंडाला उष्णतेने चिकटवलेली फॉइल, हवं. कुरिअरमध्ये आडवी पडलेली बाटली नुसत्या झाकणावर टिकत नाही. नमुन्याची बाटली टिश्यूत गुंडाळून चोवीस तास उलटी ठेवली की उत्तर मिळतं.

लेबल छापायला देण्याआधी पाहायच्या गोष्टी: उत्पादनाचं नाव, निव्वळ वजन वा माप, सर्व करांसह कमाल किंमत, एककाचा दर, उत्पादनाचा महिना-वर्ष, मुदत, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक, घटक, आणि तक्रारीसाठी नाव, पत्ता, फोन, ईमेल. एककाचा दर हमखास विसरला जातो. १०० ग्रॅम, १२० रुपये असेल तर ‘प्रति ग्रॅम १.२० रुपये’ असं छापावं लागतं. डिझायनर कारखान्याचा असला तरी अंतिम प्रूफ तुम्हीच वाचा, छापील आकारात, पडद्यावर नाही.

ब्रँडचं नाव छापण्याआधी ट्रेडमार्कच्या तिसऱ्या वर्गात शोधा, साबण आणि प्रसाधनं त्यात येतात. व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. अर्ज केल्यावर ‘टीएम’ लिहिता येतं. वर्तुळातला ‘आर’ नोंदणी झाल्यावरच. अर्ज स्वतःच्या नावाने करा. ‘आम्हीच करून देतो’ म्हणणाऱ्याने तो स्वतःच्या नावाने केला, तर तुमचंच नाव वापरायला उद्या परवानगी मागावी लागेल.

कंटेंट किट

वर्णनं, फोटो, सणांच्या पोस्ट, कधी तयार ब्लॉग लेखही मिळतात. पहिली अडचण साधी आहे: हाच मजकूर त्याच कारखान्याच्या इतर गिऱ्हाइकांकडेही आहे. किटमधलं एखादं वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधून पाहा, तेच वाक्य वेगवेगळ्या नावांखाली सापडतं. गिऱ्हाईकही ते शोधू शकतं, आणि मग किमतींची तुलना सुरू होते.

फोटो बहुधा संगणकावर बनवलेले असतात. त्यात बाटली प्रत्यक्षापेक्षा मोठी, तेल जास्त सोनेरी. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार चित्र आणि वर्णन प्रत्यक्ष वस्तूशी जुळायला हवं. खिडकीशेजारी, पांढऱ्या कापडावर, हातात धरून काढलेला मोबाइल फोटो किटमधल्या फोटोपेक्षा जास्त उपयोगी पडतो, कारण आकार कळतो. किटमध्ये ‘ग्राहकांचे अभिप्राय’ तयार मिळाले तर ते वापरूच नका. ती सरळ फसवणूक आहे.

मजकुराचे हक्कही लेखी घ्या. कॉपीराइट कायद्यात हक्कांचं हस्तांतर लेखीच व्हावं लागतं, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. बदल करता येईल का, छापील पत्रकात वापरता येईल का, कारखाना बदलल्यावरही वापरता येईल का, हे तीन प्रश्न ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवा.

किटमधलं कामाचं पान घटकांच्या माहितीचं. त्यावरून स्वतः लिहा. ‘निसर्गाच्या कुशीतून तुमच्या केसांसाठी अमृत’ या ओळीऐवजी लिहा: ‘तिळाच्या तेलावर आधारित. आंघोळीआधी तासभर लावा. सुगंध सौम्य. थंडीत गोठत नाही. १०० मिली, लांब केसांना साधारण आठ-दहा वेळा पुरते.’ गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं त्याचंच हे उत्तर आहे. ‘किती वेळा पुरते’ हा आकडा मात्र आधी मोजून घ्या.

हिशेब आणि करार

समजा साबणाची वडी ३२ रुपयांना पडली, खोकं-लेबल ९, वाहतूक ३, नमुने-तपासणी-डिझाइनचा वाटा ६. एकूण ५०. कमाल किंमत १२०, दुकानदाराला ३० टक्के सोडले तर तुमचं बिल ८४ चं. साबणावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला आहे, म्हणजे कर वजा जाता हातात ८०, आणि नफा ३०. त्यातून जाहिरात, परतावा, तूटफूट. एकच वडी कुरिअरने पाठवायची झाली तर दुकानदाराचे ३० टक्के वाचूनही कुरिअर आणि पॅकिंग बहुतेक सगळा फायदा खातं. ऑनलाइन विक्री चार वड्यांच्या संचाचीच करा. महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात मात्र सुटी वडी चालते, तिथे हातात घेऊन वास घेऊनच विक्री होते.

करारात फॉर्म्युला कारखान्याचाच राहणार, तो मागून उपयोग नाही. मागायचं ते हे: तुमच्या नावाच्या ठशाचा साचा तुमचा, लेबलच्या मूळ फाइल तुमच्या, घटक बदलण्याआधी लेखी कळवणं, आणि नमुन्याशी न जुळणारा माल परत घेण्याची मुदत. आगाऊ रक्कम निम्मी ठीक आहे. उरलेली माल गाडीत चढण्याआधी मागतात, तेव्हा त्या बॅचच्या दोन नगांचे फोटो आणि प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय देऊ नका.

दुसरी ऑर्डर पहिलीपेक्षा जास्त काळजीने तपासा. पहिली बॅच गिऱ्हाईक पकडण्यासाठी नीट बनवलेली असते. सुगंधाचा पुरवठादार बदलणं, वडीचा रंग हलका होणं, बाटलीचं प्लास्टिक पातळ होणं हे पुढच्या बॅचेसमध्ये सुरू होतं. त्यासाठी प्रत्येक बॅचचे दोन नग, बॅच क्रमांक आणि तारीख लिहून, मुदत संपेपर्यंत कपाटात ठेवा, आणि कुठल्या बॅचचा माल कोणाला गेला याची वही ठेवा. कोणाच्या त्वचेवर पुरळ आलं म्हणून फोन आला, तर आधी बाटलीवरचा बॅच क्रमांक विचारा, आणि त्याच दिवसापासून त्या बॅचची विक्री थांबवा.